मागच्या रांगेतून गाणं शिकताना

गणपती जवळ आले की सिंधुदुर्गातल्या बहुतेक वाड्यांत रात्री भजनाचा सराव सुरू होतो. बुवा पेटीवर, बाजूला पखवाज, आणि मागे झांज, चकी, टाळ घेतलेली आमच्या वयाची पोरं-पोरी. त्या मागच्या रांगेतल्या निदान एकाच्या मनात असतं की कधीतरी आपण पुढे बसायचं. तोच मुलगा घरी गेल्यावर कानात इअरफोन घालून आवडत्या गायकाची एकच तान पुन्हा पुन्हा ऐकत असतो. घरून प्रश्न येतो, "गाणी म्हणान पोट भरतला काय?" आणि त्याला उत्तर देता येत नाही, कारण इच्छा मोठी असली तरी तिचा पुढचा टप्पा कुठला हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं.

मला ठामपणे वाटतं की गाण्याचं वेड हीच शिक्षणाची पहिली अर्धी वाट आहे. अट एवढीच की ऐकण्याला शिस्त हवी. ती शिस्त एकट्याने गाण्यापेक्षा दुसऱ्याच्या मागे बसून साथ करताना लवकर लागते.

आपल्या किनाऱ्याकडे बघितलं तर हे दिसतं. गुहागर तालुक्यातल्या अडूरचे गोविंदराव पटवर्धन आणि गोव्यातल्या बोरीचे तुळशीदास बोरकर, दोघंही पेटीवाले. गोविंदरावांच्या साथीसाठी लोक मैफलीला जात. बोरकरांना 2016 साली पद्मश्री मिळाली. दोघांचंही आयुष्य मोठ्या प्रमाणात दुसऱ्याच्या गळ्यामागे धावण्यात गेलं, आणि गायक पुढच्या क्षणी कुठे वळणार हे ओळखणारा कान त्यातूनच तयार झाला. 'मला मोठं व्हायचंय' म्हणताना आम्ही नेहमी फक्त माइकसमोरची जागा डोळ्यांपुढे आणतो. ती जागा एकच असते. तिच्याभोवतीच्या पाच-सहा जागांवर बसायला तयार, कानाने पक्की माणसं प्रत्येक गावात कमी पडतात.

म्हणून सुरुवात झांजेपासून. झांज हे सगळ्यात सोपं वाद्य समजतात, आणि नेमकी तीच भजनाची लय बिघडवते. गजर रंगला की लय चढते हे सगळ्यांना माहीत आहे, पण ती का चढते ते बघा. झांजेचा आवाज एवढा मोठा की वाजवणाऱ्याला पखवाज नीट ऐकू येत नाही. मग तो आठवणीने आणि उत्साहाने वाजवतो, आणि ठोका केसभर आधी पडतो. पखवाजवाला सगळ्यांना एकत्र ठेवायला त्या ठोक्याला जाऊन मिळतो. असं दर आवर्तनाला थोडं थोडं होत गेलं की पाच मिनिटांत बुवांना शब्द टाकायला जागा उरत नाही.

यावर उपाय आहे. सरावात झांज कानाच्या पातळीवर धरू नका, छातीच्या खाली धरा. नजर पखवाजवाल्याच्या हातावर ठेवा. भजनी ठेका आठ मात्रांचा. पहिले काही दिवस फक्त पहिल्या आणि पाचव्या मात्रेवर ठोका द्या, मधल्या मात्रा मनात मोजा. फोनवर मेट्रोनोमचं कुठलंही मोफत अॅप घ्या. गजर सुरू होताना लय किती होती ते बोटाने टॅप करून लिहून ठेवा, संपताना पुन्हा टॅप करा. मिनिटाला 90 ठोक्यांवर सुरू झालेला गजर 96-98 ला संपला तर बिघडलेलं काही नाही, थोडी चढ रंगतही आणते. तो 130 ला पोचला असेल तर मागच्या रांगेने काम करायला हवं. हा आकडा बुवांना जाऊन दाखवायचा नाही. तो आपल्यासाठी आहे.

आता ऐकण्याबद्दल, कारण चाहत्याची खरी ताकद तिथे आहे. एखादं गाणं शंभरदा ऐकायची तयारी कुठल्याही क्लासमध्ये शिकवता येत नाही, ती आमच्याकडे आधीच असते. पण शंभर वेळा तेच तेच ऐकलं तर शंभराव्या वेळीही तेवढंच कळतं. दर वेळी कानाला वेगळं काम द्या.

सुरुवातीला लहान रेकॉर्ड निवडा. जुन्या 78 फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूला साधारण तीन-साडेतीन मिनिटंच मावत. त्यामुळे गायकांना सगळा राग तेवढ्यात मांडावा लागे, आणि शिकणाऱ्याला असं आटोपशीर काही दुसरं मिळत नाही. गोव्यातल्या फोंडा तालुक्यातल्या केरीच्या गायिका केसरबाई केरकरांची भैरवी याच मापाची. ती 1977 साली अंतराळात गेलेल्या व्हॉयेजर यानांवरच्या सोनेरी तबकडीत गेली. पृथ्वीवरचं संगीत म्हणून जे निवडलं गेलं त्यात आपल्या किनाऱ्यावरच्या बाईचा आवाज आहे, हे मला फार मोलाचं वाटतं. ती साडेतीन मिनिटं आठवडाभर ऐका. पहिल्यांदा नुसती. दुसऱ्यांदा शब्द लिहून काढा आणि अस्थाई कुठे संपून अंतरा कुठे सुरू झाला त्याची वेळ लिहा. मग हाताने ताल धरा आणि सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, कुठल्या अक्षरावर येते ते शोधा. सम सापडत नसेल तर मुखड्यावर लक्ष ठेवा. तान कितीही फिरली तरी गायिका जिथे परत येऊन टेकते आणि तबला जिथे जोर देतो, ते अक्षर. त्यानंतर पेटीवर किंवा फोनच्या तानपुऱ्यावर गायिकेचा षड्ज (सा) कुठल्या पट्टीत आहे ते जुळवा. यूट्यूबवर वेग 0.75 किंवा 0.5 केला तरी सूर बदलत नाही, फक्त चाल मंदावते. तानेतले सुटे स्वर तेव्हाच मोजता येतात. आठवड्याच्या शेवटी तोच राग दुसऱ्या कुणाचा ऐका.

एका साध्या वहीत प्रत्येक रेकॉर्डला एक पान द्या: राग, ताल, पट्टी, समेचं अक्षर, आणि एक अशी जागा जी ऐकताना अंगावर काटा आला. शेवटची नोंद सगळ्यात महत्त्वाची, कारण काही महिन्यांनी वही चाळली की आपल्याला नक्की काय आवडतं ते दिसतं. कुणाला दिसेल की त्याच्या सगळ्या जागा लयीच्या आहेत. त्याने गळ्याइतकाच पखवाजाचा विचार करावा. कुणाच्या सगळ्या जागा शब्दांच्या असतील. महत्त्वाकांक्षा कुठे वळवायची याचा याहून चांगला पुरावा मला माहीत नाही.

बडा ख्याल ऐकताना आमच्या वयाची मुलं कंटाळतात, आणि त्यात त्यांचा दोष नसतो. अतिविलंबित एकतालाचं एक आवर्तन बारा मात्रांचं, पण त्याला जवळपास मिनिट लागू शकतं. मोजायला काही हाताशी नसेल तर ते मिनिट रिकामं वाटतं. म्हणून आधी मध्यलय त्रिताल आणि झपताल कानात बसू दे. सोळा आणि दहा मात्रा बोटांवर न चुकता मोजता आल्या, खाली (टाळी न देता हात उघडायची मात्रा) कुठे ते ऐकून कळायला लागलं, की मग विलंबिताकडे जा. रूपकात मात्र सावध राहा. सात मात्रांचा हा ताल पहिल्याच मात्रेवर खालीने सुरू होतो. जोराचा बोल शोधत बसलात तर चौथ्या मात्रेला सम समजाल.

शास्त्रीय नको, रॅप, मेटल किंवा कोरियन पॉप आवडतं, असं म्हणणारेही देवगड-मालवणात भरपूर आहेत, आणि त्यांना हे सगळं तितकंच लागू आहे. तिथेही वही ठेवा. चार-चारच्या किती ओळींनंतर ड्रम बदलतो, बास कुठे थांबतो, कोरस पहिल्यांदा किती सेकंदांनी येतो. स्वतः काही बनवायचं असेल तर बँडलॅबसारखं मोफत अॅप फोनवर चालतं. एकच गोष्ट सांभाळा: रेकॉर्डिंग करताना ब्लूटूथ इअरफोन वापरू नका. त्यात आवाज पोचायला सेकंदाचा दहावा भाग किंवा जास्तही उशीर होतो. तुम्ही ठोक्यावर गाता आणि रेकॉर्डिंगमध्ये गाणं ठोक्यामागे पडलेलं दिसतं, मग वाटतं की आपल्याला लयच नाही. वायरवाला साधा इअरफोन घ्या.

आता नक्कल. चाहता आवडत्या गायकाची नक्कल करणारच, करावीच. पण जागेची नक्कल करा, गळ्याची नको. म्हणजे ती हरकत कुठल्या स्वरावरून उठली, कुठे थांबली, किती मात्रांत संपली हे उचला. आवाजाचा घोगरेपणा, नाकातला सूर, दाबून काढलेली धार हे उचलू नका. डबलबारीत, म्हणजे दोन बुवांच्या भजनी सामन्यात, बुवा वरच्या पट्टीत गातात आणि त्यांचा आवाज वर्षानुवर्षं तापलेला असतो. पंधरा वर्षांच्या मुलाने तोच लावायचा म्हटलं की तो मान पुढे काढतो, हनुवटी वर करतो, आणि दुसऱ्या दिवशी घसा बसतो.

मुलांनी आवाज फुटण्याचा काळ समजून घ्यावा. साधारण बारा ते सोळा या वयात कंठ वाढतो आणि बोलण्याचा आवाज जवळजवळ एका सप्तकाने खाली येतो. मुलींचाही उतरतो, पण दोन-तीन स्वरांनीच. मुलांच्या बाबतीत काही महिने असे येतात की कालपर्यंत लागणारा तार षड्ज आज फुटतो, आणि खालचे स्वर अजून भरलेले नसतात. चांगलं गाणारी बरीच मुलं इथेच गाणं सोडतात, ही मोठी हानी आहे. सोडायचं काही कारण नसतं. त्या काळात जे पाच-सहा स्वर आरामात लागतात तेवढ्यातच, हलक्या आवाजात, पंधरा-वीस मिनिटं गा. बाकीचा वेळ ऐकणं, ताल, पेटी यांना द्या. जुनी पट्टी धरून ओरडू नका.

नवी पट्टी शोधायची रीत अशी. पेटीवर एकेक पट्टी खाली येत जा आणि जो सगळ्यात खालचा स्वर न दाबता, स्पष्ट लागतो तिथे थांबा. तो आपला मंद्र पंचम (खालच्या सप्तकातला प) धरा. तिथून काळ्या-पांढऱ्या सगळ्या धरून पाच पट्ट्या वर मोजा, तो आपला षड्ज. खालचा स्वर काळी चार (सप्तकातली चौथी काळी पट्टी) असेल तर षड्ज काळी एक, काळी पाच असेल तर काळी दोन. मग वरचा तार गंधार गाऊन बघा. तो ताण न देता लागला तर पट्टी बरोबर. आवाज फुटत असताना ही तपासणी दर महिन्याला करा, कारण उत्तर बदलत राहतं. घसा बसला तर कुजबुजून बोलू नका, कुजबुजण्यानेही कंठावर ताण येतो. गप्प राहा, पाणी प्या. तीन आठवड्यांत आवाज सुधारला नाही तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जायलाच हवं.

पेटीवर गाणं शिकणाऱ्यांनी एक गोष्ट लवकर कळून घ्यावी. पेटीतले बारा सूर समान अंतरांवर बसवलेले असतात, प्रत्येक अंतर 100 सेंटचं (सेंट हे सुरांमधलं अंतर मोजायचं माप). त्यामुळे पेटीचा शुद्ध गंधार षड्जापासून 400 सेंटवर येतो, तर तानपुऱ्यात ऐकू येणारा नैसर्गिक गंधार 386 वर. चौदा सेंटांचा हा फरक लहान वाटतो, पण भूप रागात गंधारावर थांबलात की तो टोचतो. पंचमाचा फरक फक्त दोन सेंटांचा, म्हणून पंचम कधी खटकत नाही. आकाशवाणीने 1940 पासून 1971 पर्यंत पेटीवर बंदी घातली होती, तेव्हा पेटीला मींड (एका सुरावरून दुसऱ्यावर न तुटता सरकणं) येत नाही आणि तिचे सूर पक्के बांधलेले आहेत हेच आक्षेप होते. बंदी मला पटत नाही. पेटीनेच आपली भजनं, दशावतार आणि संगीत नाटकं उभी केली. पण रोजचा स्वराभ्यास तानपुऱ्यावर आणि बंदिश-भजनाची तयारी पेटीवर, अशी वाटणी करा.

तानपुऱ्याचं अॅप चालेल, फक्त फोनच्या स्पीकरवर ऐकू नका. काळी एकच्या खर्जाचा (सगळ्यात खालच्या षड्जाचा) मूळ सूर साधारण 69 हर्ट्झचा. फोनचा चिमुकला स्पीकर तो काढूच शकत नाही. साधा बाहेरचा स्पीकर लावा. पाच मिनिटं न गाता नुसता खर्ज ऐका. तार वाजून गेल्यावर तिच्या झंकारात एक गंधार हळूच उमटतो, कुणी न छेडता. तो एकदा सापडला की आपला गंधार त्याच्यात मिसळायचा. पंचम नसलेल्या मालकंसासारख्या रागाला पहिली तार मध्यमात लावा. पावसात वीज जातेच, म्हणून तानपुऱ्याचं तासाभराचं रेकॉर्डिंग फोनमध्ये उतरवून ठेवा आणि स्पीकर चार्ज करून ठेवा.

रियाजात ताना वाढवताना सगळ्यांची घाई होते. 60 च्या लयीत तान सलग तीन वेळा स्वच्छ आली, समेवर बरोबर उतरली, तरच लय चार-पाचने वाढवा. एकदा चुकली तर मागे या. वेगात चुकीची बसलेली तान सोडवायला नवी शिकण्यापेक्षा जास्त वेळ लागतो, कारण गळ्याला आधीची विसरायला लावावी लागते.

आणि कान. गाण्याच्या चाहत्याचं भांडवल कान आहे, आणि आम्ही तेच सगळ्यात निष्काळजीपणे वापरतो. 85 डेसिबलचा आवाज दिवसाला आठ तास ही कामाच्या ठिकाणची नेहमीची मर्यादा धरतात, आणि दर तीन डेसिबलला सुरक्षित वेळ निम्मा होतो. हिशेब केला तर 100 डेसिबलला पंधरा मिनिटं उरतात. विसर्जनाच्या डीजेसमोर किंवा ढोल-ताशाच्या मधोमध तेवढा आवाज सहज असतो. लहान वयासाठी जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला 40 तास आणि 75 डेसिबल सांगते. ढोल वाजवणाऱ्यांनी फोमचे इअरप्लग घालावेत, औषधाच्या दुकानात मिळतात. झांज वाजवणाऱ्यांनीही. मिरवणुकीनंतर कानात शिट्टी वाजत राहिली तर कान थकला आहे असं समजा आणि निदान दुसरा दिवस इअरफोन बंद ठेवा.

वाद्यांचा शत्रू आपली हवा. जुलै-ऑगस्टात किनाऱ्यावर दमट हवा आणि खारा वारा दोन्ही असतात. पखवाज-तबल्याची पुडी (तोंडावरचं कातडं) ओल शोषते, सैल होते, सूर उतरतो. मग आपण वादीखालचे लाकडी गठ्ठे खाली ठोकून तो चढवतो. इथवर ठीक. पण ऑक्टोबरच्या उन्हात तीच पुडी सुकते, आवळते आणि आधीच ताणलेली असल्यामुळे फाटते. म्हणून नवरात्रानंतर गठ्ठे थोडे वर सरकवून ठेवा. सूर मिळवताना मोठा फरक गठ्ठ्याने काढा, बारीक पुडीच्या कडेच्या विणलेल्या गजऱ्याने. गजऱ्यावर वरून ठोकलं की सूर चढतो, खालून ठोकलं की उतरतो. तबल्याची सोळा घरं एकापाठोपाठ एक न ठोकता समोरासमोरची घ्या, नाहीतर ताण एका बाजूला जातो. चुलीजवळ किंवा हॅलोजनसमोर तापवू नका. पुडीवरची काळी शाई तडकली की पुडीच बदलावी लागते.

पखवाजाच्या डाव्या तोंडाला कणीक लावतात. ती पोळीच्या कणकेपेक्षा किंचित सैल, पण बोटाला न चिकटणारी असावी. सैल झाली तर ओघळते, घट्ट झाली तर थाप पडताना तुकडे उडतात. जास्त कणीक म्हणजे खर्ज जास्त, आणि गुंजही मंदावते. थोडी लावून, वाजवून, मग वाढवा. भजन संपल्यावर उसळ-पाव खायला बसण्याआधी ती काढायची आणि कातडं कोरड्या फडक्याने पुसायचं. रात्रभर राहिली तर पावसाळ्यात बुरशी धरते आणि कातडं कुजायला लागतं. हे काम मागच्या रांगेतल्या पोराने न सांगता केलं की पखवाजवाला त्याला पहिला बोल शिकवतो, असं मी बऱ्याच मंडळांत बघितलं आहे.

पेटी बंद कपाटात ठेवायची असेल तर आत जुना शून्य वॅटचा बल्ब लावा. एलईडी नको, त्याला ऊब नसते. पेटी भिंतीला टेकवू नका, चिऱ्याची भिंत ओल सोडत राहते. उन्हात वाळवायला ठेवू नका, लाकूड तडकतं. आणि पावसाळ्यातही रोज दहा मिनिटं वाजवा. हवा खेळली की पितळी सुरांवर हिरवट थर चढायला वेळ लागतो.

आता इच्छेला आकार देण्याबद्दल. 'गायक व्हायचंय' याचा हिशेब लागत नाही. 'दिवाळीपर्यंत भूपाचा एक छोटा ख्याल, आठ ताना, सगळ्या समेवर' याचा लागतो. बाहेरची मोजपट्टी हवी असेल तर अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा आहेत: प्रारंभिक, मग प्रवेशिका, मध्यमा, विशारद, अलंकार. प्रवेशिका, मध्यमा, विशारद प्रत्येकी प्रथम आणि पूर्ण अशा दोन, म्हणून विशारद पूर्णपर्यंत सात परीक्षा होतात. परीक्षा वर्षातून दोन सत्रांत होतात, एक उन्हाळ्यात आणि एक नोव्हेंबर-डिसेंबरच्या सुमारास. दहावीला शास्त्रीय कलेचे वाढीव गुण शाळेमार्फत मिळू शकतात, त्याचा प्रस्ताव वेळेत जातो की नाही हे शाळेच्या ऑफिसात स्वतः विचारा. फक्त गुणांसाठी परीक्षा देणाऱ्यांना मी नावं ठेवत नाही. तेवढ्यामुळे तालाचे ठेके पाठ झाले तरी ती मोठी कमाई आहे.

शिष्यवृत्त्यांत वयाकडे नीट बघा. केंद्राची सांस्कृतिक प्रतिभा शोध शिष्यवृत्ती 10 ते 14 वयाला आहे. तरुण कलाकारांची, दोन वर्षं दरमहा 5000 रुपयांची, 18 ते 25 ला. पंधरा ते सतरा या वयात आपण दोन्हींच्या मधे पडतो. हीच वर्षं आवाज बसण्याची आणि दहावी-बारावीची. या काळात बाहेरून फार काही येणार नाही हे धरूनच चालावं आणि अठराव्या वर्षाच्या अर्जाची तयारी करावी: गुरूंकडे सलग शिकल्याचा पुरावा, परीक्षांची प्रमाणपत्रं, दहा-पंधरा मिनिटांचं स्वच्छ रेकॉर्डिंग. रेकॉर्डिंग फोनवर होतं. विमान मोड लावा, फोन तोंडापासून मीटरभर आणि पेटीपासून त्याहून लांब, नाहीतर पेटी गळ्याला झाकून टाकते. पत्र्याखाली पावसात करू नका. मोकळ्या भिंती घुमत असतील तर समोर आणि पाठीमागे गोधडी टांगा.

प्रत्यक्ष ऐकण्याची संधीही सोडू नका. रत्नागिरीत जानेवारीत थिबा राजवाड्याच्या आवारात संगीत महोत्सव भरतो, आणि खल्वायनसारखी संस्था संगीत नाटकं करत आली आहे. दशावताराच्या हंगामात तर मंचाच्या कडेला, पेटी आणि पखवाजाच्या शेजारी बसायला कुणी अडवत नाही. पात्र संवाद बोलत असताना पेटीवाला पुढच्या पदाची पट्टी कशी आधीच सुचवतो, ते जवळून बघण्यासारखं असतं. पुढे रीतसर शिकायचं असेल तर गोव्यात संगीत महाविद्यालय आहे, सावंतवाडी-कुडाळच्या मुलांना ते मुंबईपेक्षा जवळ.

राहिला पोटाचा प्रश्न. त्याला मला सुचणारं सगळ्यात पक्कं उत्तर गाण्याच्या शेजारचं आहे. आपल्या किनाऱ्यावर पेट्या, पखवाज, तबले घरोघरी, देवळोदेवळी आहेत, आणि ते दुरुस्त करणारे हात फार कमी. पेटी बिघडली की मंडळं घाटावर कोल्हापूर-मिरजेकडे धाव घेतात. पेटी उघडून समजून घेणारा सोळा-सतरा वर्षांचा चाहता गावाला हवाच आहे, आणि सुराचा कान त्याच्याकडे आधीच असतो.

सुरुवात लहान दुरुस्तीपासून होते. एखादा सूर बोलत नसेल तर बहुतेक वेळा त्या सुराची पितळी जीभ (रीड) आणि तिच्या चौकटीच्या फटीत धूळ अडकलेली असते. पातळ, कोरडा कागद जिभेखालून हलकेच सरकवून बाहेर ओढा, जीभ वाकवू नका. पट्टी सोडल्यावरही सूर वाजत राहिला तर स्प्रिंग ढिली झाली आहे किंवा ओलीने लाकूड फुगून पट्टी अडकली आहे. भाता तपासायला सगळे स्टॉप बंद करून तो भरा. पटकन खाली बसला तर हवा कुठेतरी गळते आहे, उदबत्तीचा धूर कडेने फिरवला की जागा कळते. सूर मिळवणं ही पुढची पायरी. जिभेच्या टोकाकडे खरवडलं की सूर चढतो, मुळाकडे खरवडलं की उतरतो. गेलेलं पितळ परत येत नाही, म्हणून एक-दोन घासे मारून दर वेळी वाजवून बघायचं. हे मंडळाच्या चालू पेटीवर शिकायचं नाही. देवळाच्या माळ्यावर पडलेली एखादी जुनी पेटी मागून घ्या, उघडताना प्रत्येक थराचा फोटो काढा, आणि सूरपट्टीचे स्क्रू ज्या भोकातून निघाले त्याच क्रमाने कागदावर टोचून ठेवा.